आधी लग्न, मग मैत्री, मग...

मैत्रीतून प्रेम होतं की नाही, या विषयावर आपल्या कॉलेजात प्रत्येकाचं काही ना काही मत असतंच. कॅन्टीनमध्ये या चर्चेवर जेवढा वेळ गेलाय तेवढा थर्मोडायनॅमिक्सवर गेला असता तर... असो! 'कुछ कुछ होता है' १९९८ साली आला. तेव्हा आपल्यातले बहुतेक जण जन्मलेही नव्हते, तरी त्यातली अंजली सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याही आधी, १९८९ साली, हॉलिवूडमध्ये 'व्हेन हॅरी मेट सॅली' येऊन गेला होता. या सगळ्या सिनेमांचा फॉर्म्युला एकच. दोघं वर्षानुवर्षं मित्र असतात, एकमेकांची यथेच्छ खेचतात, भांडतात, रुसतात आणि शेवटी त्यांच्या लक्षात येतं की अरेच्चा, हे तर प्रेम आहे! पब्लिकला ते पहिल्या दहा मिनिटांतच कळलेलं असतं. अडीच तास लागतात ते फक्त हिरो-हिरोइनला.

मंडळी, अशीच एक गोष्ट आपल्या नगर जिल्ह्यात खरोखर घडून गेली आहे. तिच्यात भांडणं आहेत, रुसवे आहेत, पळून जाणं आहे, पत्रं आहेत, ताटातूट आहे आणि भरपूर हसूही आहे. फक्त क्रम उलटा आहे. इथे लग्न पहिल्याच रीळात होऊन जातं. मैत्री व्हायला वीस वर्षं लागतात. आणि मधे जो अडथळा येतो तो एखाद्या गैरसमजाचा नाही, तर चक्क धर्माचा आहे.

या गोष्टीच्या नायिकेचं नाव लक्ष्मीबाई टिळक. टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोकमान्यांची पगडी येते, पण हे टिळक वेगळे. हे नारायण वामन टिळक, म्हणजे कवी रेव्हरंड टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून मराठीत त्यांना ओळखतात. चर्चमध्ये मराठी उपासनेला बसलेल्या माणसाने त्यांची गीतं हमखास म्हटलेली असतात, मग त्याला कवीचं नाव माहीत असो वा नसो. पण आज मला टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोबद्दल लिहायचंय.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, लाडाचं नाव मनू. मनूच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली होती. त्यानंतर मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचं जे खूळ शिरलं ते कायमचं. बाजारातून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, असा दंडक! धान्य धुणं आपण समजू शकतो. पण मीठसुद्धा धुवायचं म्हटल्यावर काय उरणार? या घरातली मुलं कायम धाकात. कशाला हात लागला, कोणाला शिवलं, याचाच दिवसभर हिशोब. म्हातारपणी लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहून काढलं तेव्हा वाचणारा हसून हसून बेजार व्हावा असं लिहिलं. पण हसता हसता लक्षात येतं की त्या घरात लहान मुलीचे काय हाल झाले असतील. हसवता हसवता खरं ते सांगून टाकायचं, ही त्यांची खासियतच आहे.

मनूचं लग्न १८८० साली झालं. ती अकरा-बारा वर्षांची, नवरा अठराचा. नवऱ्या मुलाचं स्थळ म्हणून बायोडेटा काढला असता तर पुढीलप्रमाणे: जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, आई लहानपणीच वारलेली, वडिलांशी पटत नाही, नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेला, कविता आणि वक्तृत्व फर्स्ट क्लास, नोकरी नाही. आजच्या कुठल्याही मॅट्रिमोनी साइटवर याला एकही रिस्पॉन्स आला नसता! पण तेव्हा मुलीला विचारायची पद्धतच नव्हती. लग्नानंतर मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. त्यानंतर लवकरच लक्ष्मीला एक गोष्ट कळून चुकली, की आपला नवरा घरात टिकणारा प्राणी नाही.

टिळकांना पायाला भिंगरी होती. मनात आलं की उठायचं आणि चालू लागायचं. कुठे जातोय, कधी येणार, काही पत्ता नाही. नोकरी धरायची, चार महिन्यांत कोणाशी तरी तत्त्वावरून वाजायचं आणि राजीनामा! मग बायकोची रवानगी माहेरी किंवा बहिणीकडे. काही दिवसांनी स्वारी परत हजर, नव्या गावातल्या नव्या नोकरीसकट. पैसा हातात ठरत नसे. समोर गरजू माणूस दिसला की खिशात असेल ते त्याचं. घरात उद्या काय शिजणार हा प्रश्न टिळकांना कधी पडत नसे, कारण तो सोडवायला घरात लक्ष्मी होती ना!

हे वाचायला मजेशीर वाटतं, पण सगळंच मजेशीर नव्हतं. टिळकांचा राग भयंकर होता. रागाच्या भरात त्यांचा हातही उठत असे आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकात ते झाकून ठेवलेलं नाही. मुलं झाली, गेली. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू तेवढा जगला. त्या सगळ्यात गावोगाव बिऱ्हाडं हलवणं आणि शेजारणींकडून उसनंपासनं आणणं चालूच. तेव्हा हे काही क्यूट कपल वगैरे नव्हतं. एका हुशार, लहरी, तापट तरुणाच्या हाती दिलेली एक मुलगी होती, आणि ती हळूहळू त्याला ओळखायला शिकत होती.

पण त्याच माणसाने तिला अक्षरओळख करून दिली हेही खरं. १८८० च्या दशकात बायकोला शिकवणं म्हणजे घरादाराचे टोमणे ओढवून घेणं. टिळक शिकवायला बसत आणि विद्यार्थिनी चुकली की भडकत, म्हणजे शिकवणी कमी आणि रणांगण जास्त! तरी लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या. लिहिणं मात्र जेमतेमच राहिलं, जोडाक्षरं त्यांना आयुष्यभर त्रास देत राहिली. पुढे कधीतरी टिळकांनी त्यांना इंग्रजी शिकवायचाही घाट घातला. तो काही तडीस गेला नाही. मराठी ही माझी शाळेतली दुसरी भाषा. त्यामुळे जोडाक्षरांच्या बाबतीत माझी सगळी सहानुभूती लक्ष्मीबाईंकडे आहे. फरक इतकाच की त्या जोडाक्षरांना न जुमानता त्यांनी मराठीतलं एक सर्वोत्तम आत्मचरित्र लिहून ठेवलं.

आता गोष्टीतला मोठा अडथळा. टिळक तेव्हा नागपूरला होते. तिथे त्यांनी 'ऋषि' नावाचं मासिक चालवलं, संस्कृत ग्रंथांचं काम केलं. धर्म म्हणजे नक्की काय, जातिभेद कशासाठी, हे प्रश्न त्यांना झोपू देत नव्हते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या आणि त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आज आपल्याला याची कल्पना करता येणार नाही. चित्पावन ब्राह्मण घराण्यातला, संस्कृत पंडित म्हणून नाव असलेला माणूस ख्रिस्ती झाला! माहेरच्या लोकांवर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाईंचं वय तेव्हा सव्वीस, पदरात लहान मुलगा. त्यांची अवस्था विचित्रच. नवरा जिवंत आहे, म्हणून विधवा नाही. पण त्याच्याबरोबर राहता येत नाही, म्हणून सवाष्ण असून नसल्यासारखी. जातीच्या दृष्टीने नवरा मेल्यात जमा. त्याच्याकडे जावं तर जात जाणार, माहेर तुटणार, मुलाची जातही जाणार. न जावं तर सबंध आयुष्य नातेवाइकांच्या दारात काढायचं. त्या आजारी पडल्या, खंगल्या. नाशिक, जलालपूर, पंढरपूर असे दिवस काढले. हे एक-दोन महिने नव्हे, जवळजवळ पाच वर्षं चाललं. आपली इंजिनिअरिंगची डिग्री होते चार वर्षांत, आणि तीही आपल्याला संपता संपत नाही.

इथे थोडा कायद्याचा भाग सांगते, कारण त्याशिवाय टिळकांनी काय केलं (आणि काय केलं नाही) ते कळणार नाही. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. त्यानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतरामुळे एकत्र राहायला तयार नसेल, तर त्याला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत होतं आणि दुसरं लग्नही करता येत होतं. दुसरीकडे मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजून फार वर्षं झाली नव्हती. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला रखमाबाईंनी नकार दिला, तर १८८७ साली कोर्टाने त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा निकाल सुनावला होता. म्हणजे बायकोला सोडून देणं किंवा कोर्टात खेचणं, नवऱ्यांसाठी असे रस्ते तेव्हा मोकळे होते. टिळकांनी यातलं काहीच केलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात कधी एका जागी चार महिने धीर धरला नाही, तो माणूस पाच वर्षं थांबला!

हा थांबण्याचा काळ टिळकांनी काढला आपल्या नगरला. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ पासून चालू होतं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही १८४२ साली नगरलाच सुरू झालेलं. पुढे बरीच वर्षं टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. ते मिशनच्या लोकांत राहत, धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत, कविता करत आणि लक्ष्मीबाईंना पत्रं लिहीत.

आणि इथेच गोष्टीला खरी कलाटणी मिळते असं मला वाटतं. लग्न झाल्यापासून या दोघांत संवाद असा झालाच नव्हता. टिळक बोलत आणि लक्ष्मीबाई ऐकत, किंवा टिळक निघून जात आणि लक्ष्मीबाई वाट बघत. आता पहिल्यांदाच टिळकांना विचारावं लागत होतं. हुकूम सोडून चालणार नव्हतं, कारण समोरचं माणूस लांब होतं आणि त्याला नाही म्हणायचा पुरेपूर अधिकार होता. लक्ष्मीबाई कधी चिडत, कधी रडत. आणि त्या दिवसांत त्यांच्याकडून एक अजब गोष्ट घडली, त्या स्वतः कविता करू लागल्या! ज्या बाईला धड जोडाक्षर येत नाही तिला विरहाने ओव्या आणि पदं सुचायला लागली. कवीची बायको म्हणून कौतुकाने नव्हे, तर मनातलं बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

शेवटी १८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाईंनी ठरवलं, की नवऱ्याकडे जायचं. पण त्या गेल्या त्या स्वतःच्या अटींवर. मी ख्रिस्ती होणार नाही. माझं सोवळंओवळं मी सांभाळणार. माझं अन्न, माझं पाणी वेगळं. टिळकांनी सगळं मान्य केलं. कल्पना करा, मिशनच्या आवारातलं बिऱ्हाड, घरात येणारे-जाणारे ख्रिस्ती, नवरा त्यांचाच उपदेशक, आणि घरची मालकीण कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून पदर सावरून चाललेली! याच्याइतका कॉमेडीला वाव असलेला सीन कुठल्या स्क्रिप्ट रायटरला सुचेल? लक्ष्मीबाईंनी तो अगदी मन लावून रंगवलाय आणि त्यात सगळ्यात जास्त हसल्यात त्या स्वतःलाच.

टिळकांचं मला इथे खरंच कौतुक वाटतं. ते जिथेतिथे जातिभेदाविरुद्ध बोलत होते. घरात मात्र बायको त्यांच्याच माणसांची शिवाशिव पाळत होती आणि ते गप्प होते. ज्या माणसाने पूर्वी बारीकसारीक गोष्टींवरून घर डोक्यावर घेतलं, तो आता सगळ्यात मोठ्या प्रश्नावर वाट बघत होता. ती स्वतः विचार करेल एवढा विश्वास आता त्याला आला होता. माझ्या मते मैत्री म्हणजे हेच, समोरच्याच्या डोक्यात आपलं मत घुसवायची घाई न करणं. (ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कोणालाही हे किती अवघड असतं ते माहीत आहे!)

आणि लक्ष्मीबाईंनी विचार केलाच. जनावरांच्या वेगवेगळ्या जाती देवाने केल्या तर त्यांची रूपंही वेगळी केली, मग माणसांत जाती केल्या असत्या तर तशी काही खूण नको का? माणसांत तर देवाने फक्त बाई आणि पुरुष एवढाच फरक ठेवला आहे. म्हणजे बाकीचं सगळं माणसांचंच काम! एकदा हे पटल्यावर त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. यापुढे कोणाच्याही हातचं खाईन-पिईन, हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. मीठ धुणाऱ्या बापाची ही मुलगी! कोणा मिशनऱ्याच्या उपदेशाने नव्हे, नवऱ्याच्या आग्रहाने तर नाहीच, स्वतःच्या साध्या लॉजिकने ती तिथे पोचली. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्माही घेतला. नवरा गेला म्हणून मागोमाग गेली असं त्यांच्याबद्दल कोणी म्हणालं तर ते चूक ठरेल. त्या स्वतःच्या पावलांनी चालत गेल्या, म्हणूनच त्यांना वेळ लागला.

यानंतरच्या नगरमधल्या वर्षांत त्या दोघांचं नातं बघायला फार छान वाटतं. त्याच सुमाराला छप्पन्नचा दुष्काळ पडला होता, म्हणजे शके नव्हे, संवत १९५६ चा, इसवी सनाच्या १८९९-१९०० चा. नगर जिल्हा तर आधीच अवर्षणाचा. मिशनच्या दारात उपाशी, अनाथ पोरांची रांग लागलेली. टिळकांचा स्वभाव जुनाच, दिसेल त्याला घरी घेऊन यायचं! फरक एवढाच की आता लक्ष्मीबाई नुसत्या डोक्याला हात लावून बसत नव्हत्या, त्या कामाला लागत होत्या. राहुरीत आणि नगरमध्ये त्यांच्या घराला कधी घराची कळा नव्हती, कायम वसतिगृहाची. प्लेगच्या साथीत माणसं आपल्याच घरच्यांना टाकून पळत होती, तेव्हा या दोघांनी रोग्यांची सेवा केली. आणि या सगळ्यात भांडणं थांबली का? छे! टिळक अजूनही लहरी होते, अजूनही पैसे उधळत होते. पण आता लक्ष्मीबाई त्यांना सरळ तोंडावर सुनावू शकत होत्या, त्यांची फिरकी घेऊ शकत होत्या. आणि टिळकही ते ऐकून घेत, हसत. रोमँटिक कॉमेडीत हिरो-हिरोइनची जी नोकझोक आपल्याला आवडते ना, ती बरोबरीच्या माणसांतच शक्य असते. एक जण घाबरत असेल तर ती नोकझोक राहत नाही. लक्ष्मीबाईंना ही बरोबरी मिळायला लग्नानंतर वीस वर्षं लागली.

याच घरात पुढे एक पोरगेला कवी राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी! १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ते गाजले आणि नंतर टिळकांच्या घरी नगरला येऊन राहिले. शाळेत 'फुलराणी' पाठ केलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, की निसर्गकवी बालकवींच्या घडणीतली महत्त्वाची वर्षं आपल्या नगरात गेली. लक्ष्मीबाई त्यांच्याशी आईसारख्या वागल्या. आणि आई-मुलासारखीच त्यांची भांडणं, रुसवेफुगवे चालत. म्हणजे घरात आता दोन कवी, दोघेही हळवे, दोघेही लहरी, आणि दोघांना वेळेवर जेवायला घालणारी एक बाई. १९१८ मध्ये बालकवी रेल्वे अपघातात अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले.

टिळकांनी उतारवयात पुन्हा एकदा जुना खेळ केला. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. सर्व पंथांपलीकडचा ख्रिस्तभक्तांचा मेळा म्हणून 'देवाचा दरबार' काढला आणि साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाने पगार सोडायचा, तोही संन्यासी होण्यासाठी! १८८५ सालच्या लक्ष्मीला यात फक्त संकट दिसलं असतं. १९१७ सालच्या लक्ष्मीबाईंना हा माणूस पुरता पाठ झाला होता. संकट त्यांना याही वेळी दिसलंच, पण त्यामागचा माणूसही दिसला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.

सिनेमा इथे संपला असता. लक्ष्मीबाई मात्र अजून सतरा वर्षं जगल्या आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम त्यांनी याच सतरा वर्षांत केलं. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ते सुरुवातीच्या काही अध्यायांवरच राहिलं. ते पुरं कोणी करायचं? लक्ष्मीबाईंनी केलं. पुढचे तब्बल ६४ अध्याय त्यांनी रचले! नवऱ्याने अर्धवट टाकलेलं काम निस्तरायची सवय त्यांना पहिल्यापासून होतीच म्हणा. पण या वेळी ते काम होतं काव्याचं, म्हणजे ज्या प्रांतात टिळक गुरू आणि त्या अडाणी, असं सगळे समजत होते.

आणि मग आली 'स्मृतिचित्रे'. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. आईने लिहायला घेतलं आणि चरित्र राहिलं बाजूला, तयार झालं आईचंच आत्मचरित्र! १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झालं. पासष्टीच्या पुढची बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण भाषा अशी की समोर बसून कोणी आजी गप्पा मारतेय. त्यात मोठमोठे शब्द नाहीत, उपदेश नाही, रडगाणं तर अजिबात नाही. टिळकांना त्यांनी देव केलं नाही आणि खलनायकही केलं नाही. ते जसे होते तसे उभे केले, कवीही आणि वेंधळेही, मोठ्या मनाचेही आणि शीघ्रकोपीही. १९५० मध्ये या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं, २०१७ मध्ये शांता गोखले यांनी नव्याने केलं. विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला आणि त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी इंग्रजीतून सुरुवात केली तरी चालेल, पण नंतर मराठी वाचाच. त्यातली गंमत मराठीतच आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. शेवटपर्यंत त्या लिहीत होत्या आणि त्या वेळी आठवणींच्या केंद्रस्थानी माणूस होता एकच, अकराव्या वर्षी न विचारता पदरात पडलेला!

आता आपल्या पहिल्या मुद्द्याकडे. मैत्रीतून प्रेम होतं का? सिनेमे सांगतात की होतं, आणि ते कळायला फक्त एक पाऊस, एक एअरपोर्ट आणि एक गाणं लागतं. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यावरून मला वाटतं की प्रश्नच थोडा वेगळा विचारायला हवा. लग्न झालेल्या, घरच्यांनी बांधून दिलेल्या दोन माणसांत मैत्री होते का? आणि झाली तर ती कशाने होते? त्यांच्या बाबतीत ती एका नकाराने झाली. ज्या दिवशी लक्ष्मीबाई नाही म्हणू शकल्या आणि टिळकांनी तो नकार ऐकून घेतला, त्या दिवसापासून ते दोघं मित्र व्हायला लागले. प्रेमाचं पुढचं आपोआप झालं.

आणखी एक गोष्ट जाता जाता. आपण हे सगळं आता गंमत म्हणून वाचतो, पण त्यांच्याकडे शेवट गोड होण्याची कुठलीही गॅरंटी नव्हती. टिळकांनी कोर्टाचा रस्ता धरला असता, किंवा लक्ष्मीबाईंनी भीतीपोटी कोणाचं तरी ऐकलं असतं, तर ही गोष्ट १८९५ मध्येच संपली असती. आपल्याकडे ना कोणी 'स्मृतिचित्रे' लिहिली असती, ना दुष्काळातल्या त्या पोरांना नगरमध्ये ते घर मिळालं असतं. किती तरी बायकांच्या गोष्टी त्या काळात अशा मधेच संपल्या आणि त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

आपल्या शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, गाड्या वाढल्यात, कॉलेजं वाढलीत. बाहेरगावाहून इथे शिकायला आलेले मित्र नेहमी विचारतात की तुमच्या नगरमध्ये बघण्यासारखं काय आहे? आपण भुईकोट किल्ला सांगतो, चांदबीबीचा महाल सांगतो, रणगाड्यांचं म्युझियम सांगतो. यापुढे एक पुस्तकही सांगत जा. परीक्षा संपली की कॉलेजच्या लायब्ररीत मराठीच्या कपाटापाशी जा आणि 'स्मृतिचित्रे' काढा. पहिली वीस पानं वाचून जर तुम्हाला हसू आलं नाही, तर पुढच्या सेमिस्टरची माझी सगळी असाइनमेंट्स तुमची!